मदतीला सगळ्यांच्या पुढे, पण सायकलीला कुणी हात लावायचा नाही! काय करू?

जुळे_सोलापूरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि हे एकच लेकरू, त्यामुळे लाड भरपूर. आतापर्यंत मला वाटायचं की पोरगं गुणाचं आहे. आजोबांचा चष्मा खाली पडला की हा धावत जाऊन उचलून देतो. मी कपडे वाळत घालायला गेले की चिमट्यांचा डबा घेऊन मागोमाग येतो. आणि नळाला पाणी यायच्या दिवशी तर याची लगबग बघावी. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पिंप, हंडे, बादल्या सगळं भरून ठेवायचं असतं. हा आपला प्लॅस्टिकचा मग घेऊन पाइपापाशी उभा. निम्मं पाणी चड्डीवर सांडतं, पण उरलेलं पिंपात ओतल्याशिवाय हलत नाही.

संक्रांतीला मोठ्या जाऊबाई मुलीला घेऊन पुण्याहून आल्या, आणि याच मुलाने आमची अब्रू काढली. पुतणी चार वर्षांची, शांत पोर आहे. तिने याच्या तीनचाकीच्या सीटवर नुसता हात ठेवला, तर हा सायकलीवर आडवाच झाला. अक्षरशः पोट टेकवून, हँडल घट्ट धरून. गड्ड्याच्या जत्रेतून दोघांना एकेक भिरभिरं घेतलं होतं, घरी येईपर्यंत दोन्ही याच्याच हातात. सासूबाई म्हणाल्या, "कुणावर गेलाय गं हा? आमच्यात असं कुणी नाही." म्हणताना बघत माझ्याकडे होत्या.

जाऊबाईंनी यावर तोडगा काढला. खेळणं दिलंस की एक चॉकलेट. पहिल्या दिवशी जादू झाल्यासारखं वाटलं. नंतर साहेब खेळणं पुढे करायचे, दुसरा हात चॉकलेटसाठी पसरायचे आणि चॉकलेट तोंडात गेलं की खेळणं परत ओढून घ्यायचे! आता त्या पुण्याला गेल्या, पण परवा मी जमिनीवरचे खडू उचलायला सांगितले तर मलाच विचारतो, "चॉकलेट कुठाय?"

एकुलतं मूल म्हणून असं होतं का? हट्टाने द्यायला लावायचं की सोडून द्यायचं? मे महिन्यात पुतणी परत येणार आहे, तोवर काहीतरी मार्ग सांगा.

सातरस्त्याचे_आजोबा

मुली, फार विचार करू नकोस. आम्ही पाच भावंडं. वडील मागावर कामाला. एका चादरीत आम्ही तिघं झोपायचो आणि जो मधे झोपेल त्याची चंगळ. वाटून घ्या म्हणून आम्हाला कुणी शिकवलं नाही, आईचा धपाटा शिकवायचा. तुमच्या पिढीने पोरांना विचारून विचारून डोक्यावर बसवलंय. हातातून काढून घ्यायची सायकल आणि द्यायची पुतणीला. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी गप्प बसेल.

अक्कलकोट_रोडवरचा_बाप

मीही वाचत बसलोय. आमच्या कन्येने काल बागेत दुसऱ्या पोराची भाकरी पळवली, वर शेंगाचटणी तिखट लागली म्हणून त्याच्यावरच ओरडली. उपाय सापडला की कळवा.

बालवाडीच्या_बाई

आजोबा, धपाट्याने वस्तू हातातून सुटते, खरं आहे. पुढच्या वेळी पाहुणे यायच्या आधी पोरगं ती पलंगाखाली लपवतं, हेही मी बघितलंय.

मी विडी घरकुलात बरीच वर्षं बालवाडी चालवली, आता गुडघ्यांनी सुट्टी दिलीय. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी. कुणी "माझं!" म्हणून ओरडायचं, कुणी "नादी!" म्हणून, पण भांडण तेच आणि ठोसाही तोच. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण असली दोन तोंडांची पोरं मी ढिगाने सांभाळलीत. जे पोरगं सतरंज्या गुंडाळायला सगळ्यांच्या आधी धावायचं, तेच बाहुली मांडीखाली दाबून बसायचं.

ताई, ही दोन वेगवेगळी कामं आहेत. ती एकाच वयात येत नाहीत आणि एकाच वाटेनेही येत नाहीत, आपण मात्र दोन्हीला "चांगलं वागणं" म्हणून मोकळे होतो. आजोबांचा चष्मा उचलून देण्यात तुमच्या लेकराचं काही जात नाही. सायकल देण्यात त्याची सायकल जाते.

मदतीचं आधी सांगते. आमच्या वस्तीत बाया दारात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. अशा बाईला चटकन उठता येत नाही, उठली तर सगळं सांडतं. एकदा एकीच्या हातून दोऱ्याचं रीळ निसटलं आणि गडगडत खाटेखाली गेलं. तिने हात लांब केला, पोहोचेना. तिचं पोर दीड वर्षाचं असेल, नुकतंच चालायला लागलेलं. ते उंबऱ्यात वाटी बडवत बसलं होतं. त्याने आईच्या हाताकडे पाहिलं, रिळाकडे पाहिलं, वाटी टाकली आणि खाटेखाली शिरून रीळ आणून दिलं. तिने हाक मारली नव्हती, "शाब्बास"ही म्हणाली नाही, पुढची विडी वळायला घेतली. पोर परत वाटी बडवायला गेलं. (तंबाखूपाशी लहान लेकरू नको म्हणून मी त्या बायांशी कायम भांडले, तो विषय वेगळा.)

पुढे भाची मानसशास्त्र शिकायला लागली आणि तिने मला जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका प्रयोगाबद्दल वाचायला दिलं. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा, २००६ साली छापून आलेला. अठरा महिन्यांची २४ मुलं. एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि हात पोहोचत नाही असं दाखवतो. किंवा दोन्ही हातांत पुस्तकं घेऊन बंद कपाटावर आदळतो. २४ पैकी २२ मुलांनी कुठल्या ना कुठल्या कामात मदत केली, आणि बहुतेक वेळा चटकन. माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तर मात्र मुलं तो आणून द्यायला जात नव्हती. म्हणजे समोरच्याला काय हवंय आणि कुठे अडलंय, हे त्या वयात कळतं. मला ते वाचून खाटेखालचं रीळच दिसलं. तुमचा चिमट्यांचा डबा घेऊन हिंडणारा गडी याच जातीचा.

आता देण्याचं. अमेरिकेत २०१० साली छापलेल्या एका अभ्यासात दीड वर्षाची आणि अडीच वर्षांची मुलं घेतली होती. मोठ्या माणसाला हवी असलेली वस्तू उचलून देणं सगळ्यात सोपं गेलं. तो कुडकुडतोय हे ओळखून त्याला पांघरूण आणून देणं जरा अवघड. आणि तेच पांघरूण मुलाचं स्वतःचं असेल, तर सगळ्यात अवघड. अडीच वर्षांची मुलंही तिथे अडखळली. तेव्हा पावणेतिनाव्या वर्षी स्वतःची सायकल पाहुणीला हसत हसत देणारं मूल निघालं, तर मी त्याचा ताप बघेन.

मग समज कधी येते? समज लवकर येते, हात मागाहून सुटतो. स्वित्झर्लंडमध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांना गोळ्या वाटायला दिल्या होत्या, तो निष्कर्ष २००८ साली आला. तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं स्वतःपुरतं बघत होती, सात-आठ वर्षांची बहुतेक समान वाटणी पसंत करत होती. २०१३ साली अमेरिकेत स्टिकर देऊन आणखी एक गंमत पाहिली गेली. लहान मुलांना विचारलं, किती द्यायला हवेत? ती म्हणाली, निम्मे. आणि तू किती देशील? तिथेही खरं सांगितलं, कमी! नियम पाठ आहे, तोंडाने म्हणूनही दाखवतात. त्यामुळे "शहाणं बाळ वाटून घेतं" हे त्याला शंभरदा ऐकवून फारसं काही होणार नाही, ते त्याला माहीत आहे.

आता चॉकलेट. जाऊबाईंचा हेतू चांगलाच होता, पण हे आधी बंद करा. त्याच लाइपझिगवाल्यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर पाहिलं की मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळालेली मुलं बक्षीस थांबल्यावर कमी मदत करायला लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, ती आधीसारखीच करत राहिली. तुमच्याकडे खडू उचलताना "चॉकलेट कुठाय" निघालं, ते तेच. जे काम तो फुकटात आनंदाने करत होता, त्याला आता भाव लागला. काही दिवस कुरकुरेल. "चॉकलेट नाही, चल, निळे तू उचल, लाल मी उचलते," एवढं म्हणायचं आणि उचलायला लागायचं. वादात पडू नका.

एकुलतेपणाचं खूळ मात्र डोक्यातून काढा. माझ्या बालवाडीत पाच-पाच भावंडांतली पोरं बाहुली जास्त घट्ट धरायची, घरी कधी पूर्णवेळ मिळालेलीच नसायची.

जुळे_सोलापूरची_आई

बाई, केवढं हलकं वाटलं! ताप बघेन वाचून आम्ही दोघं मोठ्याने हसलो. पण मग सात वर्षांचा होईपर्यंत हात बांधून बसायचं का? आणि पाहुण्यांसमोर तो असा आडवा पडतो तेव्हा नेमकं करायचं काय? सासूबाई बघत असतात.

एमए_दुसरं_वर्ष

बाईंनी छान लिहिलंय. एक शंका मांडते. जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका… तिथल्या पोरांना वेगळी खोली, वेगळी खेळणी. आपल्याकडे घरात एक बॅट आणि गल्लीतली दहा पोरं. २०१५ साली सात देशांतल्या ४ ते १५ वर्षांच्या मुलांवर एक मोठा अभ्यास आला होता, त्यात भारतातलीही मुलं होती. स्वतःला कमी आणि समोरच्याला जास्त, हा सौदा नाकारण्याची प्रवृत्ती सातही देशांत दिसली. पण स्वतःला जास्त मिळत असताना "नको, हे बरोबर नाही" म्हणणं फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडातल्या मोठ्या मुलांत दिसलं. भारतात नाही. याचा अर्थ आपली मुलं जास्त स्वार्थी असा घ्यायचा का? मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाही.

बालवाडीच्या_बाई

आधी एमएवाल्या बाळाला. त्या खेळात सौदा नाकारला की दोघांच्याही गोळ्या जायच्या, बरोबर ना? म्हणजे "मला जास्त नको" म्हणायचं तर समोरच्याची एक गोळीही वाया घालवायची. ज्या घरात ताटातलं शीत टाकलं तरी आजी ओरडते, तिथलं पोर असं कशाला करेल? घ्यावं, आणि मागाहून अर्धी मोडून द्यावी, हे त्याला जास्त बरं वाटेल. हे माझं मत, अभ्यास नव्हे. पण वेगवेगळ्या समाजांत वाटणीचे रिवाज वेगळे आणि पोरं मोठी होताना ते उचलतात, एवढं तुझ्या अभ्यासावरून घ्यायला हरकत नाही. स्वार्थीपणाचा शिक्का नको.

आता ताई, तुमचं. हात बांधून अजिबात बसायचं नाही. पण हात सायकलीवरून सोडवण्यात घालवू नका.

मे महिन्यात पुतणी यायच्या आदल्या दिवशी त्याला घेऊन बसा आणि विचारा, ताई येणार आहे, तुझ्या कुठल्या वस्तूला तिने हात लावायचा नाही? तो सायकल म्हणेल. ठीक, सायकल आतल्या खोलीत, कपाटामागे. बाकीचं सगळं दोघांचं, हे त्याच्यासमोर ठरवा. सासूबाई म्हणतील, हे काय खूळ! म्हणू द्या. १९८३ सालच्या एका अभ्यासात दोन वर्षांचे मुलगे पाहिले होते. ज्यांना "मी" ची जाण जास्त होती, तेच खेळणी पुढ्यात ओढून आधी "माझं" म्हणत होते. ते वाढीचं लक्षण आहे. वस्तू आपलीच राहणार याची खात्री नसेल, तर ती दुसऱ्याच्या हातात द्यायला कुणाला धीर होईल? तुम्ही तरी नवी स्कूटी पहिल्या आठवड्यात जाऊबाईंना देता का?

दुसरं, निवड त्याची ठेवा. "दे तिला" नको. "ताईला डंपर देतोस की ठोकळे?" असं विचारा. अमेरिकेत तीन-चार वर्षांच्या मुलांवर हे पाहिलंय. ज्यांनी स्वतः ठरवून एका उदास बाहुलीला आपला स्टिकर दिला, ती मुलं पुढे दुसऱ्या बाहुलीलाही जास्त द्यायला लागली. ज्यांना द्यायलाच लावलं, ती नाही. आजोबा, धपाट्याचं गणित इथे चुकतं बघा. देणारा हात पोराचा नसतो, आपला असतो.

आणि रडणाऱ्या पुतणीकडे बोट दाखवून "बघ, तुझ्यामुळे रडली" असं नका म्हणू. नुसतं विचारा, "तिचा चेहरा कसा झालाय रे? काय झालं असेल?" आणि थांबा. उत्तर त्याला शोधू द्या. चित्रांची पुस्तकं वाचतानाही हेच. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांबरोबर पुस्तक बघताना जे आईबाप स्वतः भावना सांगत बसण्याऐवजी मुलालाच बोलतं करत होते, त्यांची मुलं मदत करण्यात आणि देण्यात पुढे होती, असं दिसून आलंय.

सातरस्त्याचे_आजोबा

बाई, मान्य करायला जड जातंय, पण करतो. फक्त एक सांगा. आम्ही भावंडं कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर मिळून लाकडं फोडायचो आणि नंतर जे काही मिळेल ते मोजून वाटून घ्यायचो. तेव्हा भांडण कधी झालं नाही. इतर वेळी डोकी फुटायची. हे कसं?

बालवाडीच्या_बाई

आजोबा, तुम्ही माझ्या तोंडचा घास पळवलात. मी हेच लिहायला बसले होते.

२०११ साली त्याच जर्मन मंडळींनी तीन वर्षांच्या मुलांच्या जोड्या घेतल्या. एक फळी, दोन टोकांना दोन दोऱ्या. दोघांनी एकदम ओढली तरच फळी जवळ यायची. मुद्दाम असं केलं होतं की एकाच्या बाजूला तीन बक्षिसं घरंगळायची आणि दुसऱ्याच्या बाजूला एकच. मिळून ओढली असेल तेव्हा तीनवाला पुष्कळदा आपणहून एक काढून द्यायचा, दोन-दोन. पण बक्षिसं आयती समोर मांडलेली असली, किंवा दोघांनी आपापली दोरी वेगळी ओढलेली असली, की हात तेवढा सुटत नव्हता. तीन वर्षांची बरं का, गोळ्या वाटताना स्वतःपुरतं बघणाऱ्या वयातलीच. तुम्ही लाकडं मिळून फोडली म्हणून वाटणी गोड झाली.

तेव्हा ताई, मे महिन्यात पुतणी आली की खेळणी मांडून "वाटून खेळा" म्हणू नका. दोघांना कामाला लावा. पाणी यायच्या दिवशी एकच लहान बादली द्या, कडी दोघांनी धरायची. आणि दुपारी ऊन बाहेर पडू देत नाही, तेव्हा शेंगा फोडायला बसवा. एक परात, एकच पातेलं, दोघांचे दाणे त्यातच पडायला हवेत. याची शेंग फुटणार नाही, ती फोडून देईल. तिचे दाणे गडगडतील, हा धावून गोळा करेल, यात तो पटाईत आहेच. मग त्यांच्यादेखत कूट करून गूळ घाला, लाडू वळा आणि मुद्दाम विषम संख्येने ताटलीत ठेवून दोघांच्या मधे द्या. तुम्ही वाटू नका आणि सासूबाईंनाही वाटू देऊ नका. काय होतं ते बघा. पहिल्या दिवशी कदाचित तो तीन खाईल. खाऊ द्या, दुसऱ्या दिवशी परत शेंगा आहेतच.

एक मात्र काटेकोर पाळा. या वयात अख्खे दाणे तोंडात टाकले की श्वासनलिकेत अडकायची भीती असते. शेंगा फोडताना कुणीतरी मोठं माणूस समोर बसलेलं हवं आणि दाणा पातेल्यात पडतोय ना, यावर नजर हवी. हे काम सासूबाईंना द्या.